एसएमपीएस उडाल्यावर डेस्कटॉप कसा तपासायचा: डिस्क सगळ्यात शेवटी

एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा, जातो तो दोन तऱ्हांनी. एक, कॅबिनेटच्या मागून ‘फट्’ असा आवाज, जळका वास, मॉनिटर काळा. दुसरी तऱ्हा गुपचूप: काल रात्री नीट बंद केलेला पीसी आज बटण दाबल्यावर ढिम्म हलत नाही, किंवा पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. दोन्ही वेळा मनात एकच विचार येतो: नवा एसएमपीएस आणायचा, सगळ्या वायरी होत्या तशा खोचायच्या आणि बटण दाबायचं.

बऱ्याचदा तेवढ्याने पीसी चालूही होतो. पण जुना एसएमपीएस जाता जाता आत काय करून गेला, हे बटण दाबण्याआधी कुणालाच माहीत नसतं. मदरबोर्डावर (पुढे नुसता ‘बोर्ड’) किंवा कार्डावर कुठे शॉर्ट असेल तर नवा एसएमपीएसही लगेच संरक्षणात जाऊन बंद पडतो, आणि स्वस्तातला असेल तर त्याचंही काही खरं नाही. शिवाय कॅबिनेटमधली एकच गोष्ट पैसे मोजून परत मिळत नाही: डिस्कवरचा डेटा. म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे. आधी एसएमपीएस एकटा, मग बोर्ड, मग रॅम, मग ग्राफिक्स कार्ड. डिस्क सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: हात आवरा

पीसी चालू होत नाही म्हटल्यावर बटण पुन्हा पुन्हा दाबायचा मोह होतो. जळका वास आला असेल तर एकदाही दाबू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो.

वास नसेल, आवाज नसेल, तर आधी साध्या गोष्टी बघा. सॉकेटमध्ये दुसरं काही लावून पाहा. पॉवर केबल बदला; मॉनिटरची केबल बहुधा त्याच जातीची असते. एक्स्टेन्शन बोर्ड वगळून थेट भिंतीतून द्या. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण साफसफाई करताना बंद झालेलं नाही ना? जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० व्होल्टचा लाल सरकता स्विच असतो. जिथे वीज २३० व्होल्टची आहे तिथे तो ११५ वर गेला की एसएमपीएस उडालाच समजा.

आणखी एक शक्यता. चांगला एसएमपीएस जादा करंट किंवा जादा व्होल्टेज दिसलं की स्वतःला ‘लॉक’ करून घेतो. मग कितीही बटण दाबा, उठत नाही. प्लग काढून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवला की हे लॉक सुटतं. त्यानंतर पीसी चालू झाला तरी प्रकरण मिटलं असं समजू नका. त्याने लॉक का घेतलं हा प्रश्न उरतोच.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात. ‘फ्यूज तेवढा बदलून बघू’ हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. आतला फ्यूज जवळजवळ नेहमी मागे काहीतरी शॉर्ट झालं म्हणून उडतो. नवा घातला तर तोही उडेल, आणि मधल्या वेळात तुमचा हात चारशे व्होल्टच्या शेजारी असेल.

दुसरी पायरी: एसएमपीएस खरंच गेलाय का

कॅबिनेट उघडा. बोर्डाची २४ पिनची केबल, प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनची केबल, ग्राफिक्स कार्डाच्या, डिस्कच्या, पंख्यांच्या अशा एसएमपीएसमधून येणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा. सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवख्या माणसाचे दोन तास तो एक फोटो वाचवतो.

आता २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार शोधा. ती एकच असते. ही तार बोर्ड जमिनीला (ग्राउंडला, म्हणजे काळ्या तारांना) जोडतो तेव्हा एसएमपीएस जागा होतो. तेच काम आपण हाताने करायचं: प्लग काढलेला असताना पेपरक्लिप वाकवून तिचं एक टोक हिरव्या तारेच्या पिनमध्ये आणि दुसरं शेजारच्या काळ्या तारेच्या पिनमध्ये घाला. एखादा जुना पंखा जोडून ठेवा म्हणजे थोडा लोड मिळेल. मग प्लग लावा आणि मागचं बटण चालू करा. बऱ्याच नव्या केबलींमध्ये सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे रंगावर जायचं नाही. मॅन्युअलमधल्या आकृतीवरून १६ क्रमांकाची पिन शोधा. तिच्या दोन्ही बाजूंच्या, १५ आणि १७ क्रमांकाच्या पिना जमिनीच्या आहेत.

एसएमपीएसचा पंखा फिरला नाही म्हणून निकाल देऊ नका. काही मॉडेलमध्ये लोड कमी असताना पंखा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. जोडलेला पंखा फिरतो का ते बघा, किंवा सरळ मल्टीमीटर घ्या.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब जमिनीच्या कुठल्याही काळ्या तारेला (सगळ्याच तारा काळ्या असतील तर इथेही आकृतीवरूनच जा), लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने तारेच्या कडेने आत. हात स्थिर ठेवा. प्रोबच्या टोकाने दोन पिना एकत्र जोडल्या गेल्या तर चांगल्या एसएमपीएसलाही शॉर्ट बसतो. सुरुवात जांभळ्या तारेपासून करा. ती ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन, पीसी बंद असतानाही जिवंत असते. ती शून्य असेल तर पुढे काही मोजायची गरज नाही, एसएमपीएस गेला. ती आहे पण पेपरक्लिप लावूनही बाकीच्या लाइन येत नाहीत, तरीही गेला.

बाकीच्या लाइनवर काय दिसायला हवं ते असं:

पिवळी, १२ व्होल्ट: ११.४० ते १२.६०
लाल, ५ व्होल्ट: ४.७५ ते ५.२५
नारंगी, ३.३ व्होल्ट: ३.१४ ते ३.४७
राखाडी, ‘पॉवर गुड’: साधारण ५ व्होल्ट

राखाडी तारेकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस या तारेवरून बोर्डाला ‘ठीक आहे’ असा निरोप देतो, आणि तो मिळाल्याशिवाय बोर्ड प्रोसेसरला सुरू होऊ देत नाही. बाकी आकडे बरोबर आणि हा निरोपच नाही, तर पंखे फिरतील, दिवे लागतील, डिस्प्ले मात्र येणार नाही. मग माणूस रॅम पुसत बसतो.

या चाचणीचा निकाल एकाच बाजूने पक्का असतो. नापास झाला तर एसएमपीएस नक्की खराब. पास झाला तर तो बिनलोडचा पास आहे. खऱ्या लोडवर १२ व्होल्टची लाइन खाली बसते का हे यातून कळत नाही. त्यासाठी चालू अवस्थेतला दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच खात्रीचा उपाय.

आणि एक प्रकार लक्षात ठेवा: बाहेर एकटा एसएमपीएस व्यवस्थित चालतो, बोर्डाला जोडला की ‘टिक्’ करून बंद. इथे एसएमपीएस बहुधा शहाणा आहे. शॉर्ट पलीकडे कुठेतरी आहे आणि तो तुम्हाला तेच सांगतोय.

तिसरी पायरी: डोळे, नाक आणि ओहम

नवा एसएमपीएस बसवण्याआधी टॉर्च घेऊन बोर्ड बघा. प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर वरून सपाट हवेत. फुगलेला, गळलेला दिसला तर थांबा. प्रोसेसरच्या पॉवर सॉकेटमधल्या पिना तपकिरी पडल्यात का? ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या कनेक्टरचा वास घ्या. जळलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास बरेच दिवस जात नाही, आणि नाक मल्टीमीटरपेक्षा लवकर जागा दाखवतं. मोलेक्सवरून (जुना ४ पिनचा पॉवर कनेक्टर) साटा (आजच्या डिस्कचा कनेक्टर) करणारा अडॅप्टर मध्ये असेल तर तो आधी बघा. साच्यात ओतून बनवलेल्या स्वस्त अडॅप्टरमध्ये तारा आतल्या आत एकमेकींना टेकतात आणि वितळतात. असा अडॅप्टर चांगला दिसला तरी परत वापरू नका.

मल्टीमीटर असेल तर अजून एक मोजणी करण्यासारखी आहे. सगळ्या केबली काढलेल्या, प्लग नाही. मीटर ओहमवर ठेवा आणि बोर्डावरच्या प्रोसेसर-पॉवर सॉकेटमध्ये १२ व्होल्टची एक पिन आणि जमिनीची एक पिन यांच्यामधला रोध मोजा. आकडा कपॅसिटर भरत जाताना हळूहळू चढतो, तो चढू द्या. एक-दोन ओहमच्या आतच अडकून राहिला तर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागातला मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाल्याची दाट शक्यता आहे. अशा बोर्डाला नवा एसएमपीएस लावायचा नाही. हीच मोजणी ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर सॉकेटवरही करता येते.

चौथी पायरी: नव्या एसएमपीएसबरोबर फक्त नव्या केबली

इथे जरा रेंगाळतो, कारण एसएमपीएसच्या बिघाडातून वाचलेल्या डिस्क या पायरीवर मरतात.

मॉड्यूलर एसएमपीएसमध्ये केबली दोन्ही टोकांनी सुटतात. जुन्या केबली कॅबिनेटच्या मागून नीट ओवलेल्या, टाय बांधलेल्या असतात. त्या उपसायचा कंटाळा येतो. नव्या एसएमपीएसच्या सॉकेटमध्येही त्या बिनतक्रार बसतात. पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर काय, याचं एकच प्रमाण नाही. कंपनी बदलली की बदलतं, कधीकधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेतही बदलतं. डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट आले की डिस्क क्षणात जाते. साटाच्या एका पॉवर केबलीला तीन डिस्क असतील तर तिन्ही. कनेक्टर बसला म्हणजे केबल जुळली असं अजिबात नाही. जुन्या एसएमपीएसची प्रत्येक केबल बाहेर काढा, अगदी टाय कापावे लागले तरी.

बाकीचं थोडक्यात. प्रोसेसरची ८ पिन केबल ४+४ अशी फुटते, ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी. दोन्ही दिसायला सारख्या, पण १२ व्होल्ट आणि जमीन यांच्या जागा उलट आहेत. बसत नसेल तर जोर लावू नका. एका ८ पिन ग्राफिक्स केबलीचं मान १५० वॅट, ६ पिनचं ७५, आणि स्लॉटमधून आणखी ७५. यावरून कार्डाला किती लागणार याचा अंदाज येतो. नव्या कार्डांचा १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत गेलाय याची डोळ्यांनी खात्री करा, अर्धवट बसलेला वितळू शकतो. आणि ब्रँडेड तयार डेस्कटॉप असेल तर खरेदीआधी कनेक्टर मोजा. त्यांच्यात २४ पिनऐवजी कंपनीचा स्वतःचाच वेगळा कनेक्टर असू शकतो.

पाचवी पायरी: उपाशी बोर्ड चालू करा

आता बोर्डावर फक्त एवढंच: प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक पट्टी आणि २४ पिन व ८ पिन या दोन पॉवर केबली. ८ पिनची विसरणारे पुष्कळ आहेत. ती नसेल तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. रॅमची पट्टी शक्यतो प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांना तीच जागा हवी असते.

डिस्प्लेसाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते बघा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर नाही. एएमडी रायझनच्या ५००० पर्यंतच्या मालिकांमध्ये डेस्कटॉपला बहुतेक ‘जी’वाल्यांतच असतं. नसेल तर ग्राफिक्स कार्ड लावावंच लागेल, आणि मग मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची, बोर्डाला नाही. ही चूक हसण्यासारखी वाटते, पण ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारींमध्ये तिचा वाटा मोठा आहे.

बटण दाबल्यावर काय होतं त्यावर पुढचं ठरतं.

काहीच हालचाल नाही: पुढच्या पॅनलची वायर काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. चालू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात होता आणि तुम्ही नशीबवान आहात.

क्षणभर फिरून बंद: शॉर्ट. बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि पुन्हा पाहा. मागे पडलेला एखादा स्क्रू किंवा बोर्डाखाली चुकीच्या जागी लावलेला पितळी खांबही हे करतो. पुठ्ठ्यावरही तेच झालं तर बोर्ड.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार बारीक दिव्यांची रांग असेल तर कुठला अडकून पेटलाय ते बघा. नसेल तर छोटा स्पीकर लावून बीप ऐका. त्यांचा अर्थ बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा मॅन्युअल बघा. रॅमची पट्टी बदला, स्लॉट बदला. मग सीमॉस, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज, रीसेट करा: प्लग काढा, सीआर२०३२ ही गोल बटण-बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत लावा. तिचं व्होल्टेज ३ च्या आसपास हवं. बरंच खाली असेल तर नवीच घाला.

डीडीआर५ रॅम असेल तर सीमॉस रीसेटनंतरच्या पहिल्या सुरुवातीला धीर धरा. बोर्ड रॅमची नव्याने जुळणी करत असतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते, कधी काही मिनिटं. ‘मेला’ म्हणून मध्येच वीज काढली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करूनही बोर्ड उठला नाही तर प्रश्न उरतो बोर्ड की प्रोसेसर. माझं मत आधी बोर्डावर संशय घ्यावा असं आहे, कारण एसएमपीएसचे १२ व्होल्ट पहिल्यांदा त्याच्या अंगावर येतात. खात्री करायची तर तुमचा प्रोसेसर दुसऱ्या चांगल्या बोर्डावर लावून बघा. उलटं करू नका. मॉस्फेट शॉर्ट झालेल्या बोर्डावर मित्राचा प्रोसेसर लावला तर त्याच्या नाजूक सव्वा व्होल्टच्या जागी थेट १२ व्होल्ट जाऊ शकतात.

सहावी पायरी: एकेक करून भर घाला

बायोसचा स्क्रीन दिसला की निम्मी लढाई जिंकली. आता रॅमच्या बाकीच्या पट्ट्या, मग ग्राफिक्स कार्ड, मग मागचे आणि पुढचे यूएसबी. दर वेळी पीसी बंद, प्लग बाहेर, एकच वस्तू, पुन्हा चालू. ज्या वस्तूनंतर बिघडलं ती वस्तू दोषी. दोन एकदम लावल्या तर हा हिशेब मोडतो.

रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ चालवा आणि किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही चूक दिसली तर पट्ट्या एकेक करून तपासा. खराब रॅमवर विंडोज चालवत राहिलात तर ती गुपचूप फाइली खराब करते, म्हणून ही चाचणी डिस्क जोडायच्या आधी.

सातवी पायरी: डिस्क

प्लग काढा, एकच डिस्क लावा, चालू करा.

डिस्क लावताच अख्खा पीसी उठेनासा झाला आणि काढल्यावर परत उठला, तर घाबरू नका. ही बऱ्यापैकी चांगली बातमी असू शकते. हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डावर ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनला एकेक संरक्षक डायोड असतो, त्याला टीव्हीएस म्हणतात. जादा व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होऊन मागच्या चिपांना वाचवतो. एसएमपीएसला तो शॉर्ट दिसतो, म्हणून तो बंद होतो. आतल्या तबकड्या आणि डेटा अशा वेळी बहुतेकदा शाबूत असतो. डेटा मोलाचा असेल तर डिस्क आता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड आणून अदलाबदल करायची युक्ती आजच्या डिस्कवर सहसा चालत नाही, कारण त्या डिस्कपुरती खास माहिती असलेली चिप जुन्या बोर्डावर असते आणि तीही हलवावी लागते.

डिस्क लागली, बायोसमध्ये दिसली, पण खट्-खट् असा आवाज येतोय: लगेच बंद. एसएसडी असेल तर आवाज नसतो. ती दिसते किंवा दिसत नाही.

डिस्क दिसली आणि विंडोज चालू झालं की पहिलं काम कॉपी. दुरुस्ती नंतर. चेकडिस्क हे फाइल सिस्टिम नीट करायचं हत्यार आहे, डेटा वाचवायचं नाही. मरणाऱ्या डिस्कवर ते चालवलं तर उरलेला जीव त्यातच जातो. महत्त्वाचं सगळं दुसरीकडे गेलं की क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडे बघा. ‘रीअलोकेटेड’ (खराब निघून बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (संशयित) सेक्टर शून्याच्या वर असतील, त्यातही रोज वाढत असतील, तर डिस्क बदला. ‘सीआरसी एरर’ (डेटा येता-जाता होणाऱ्या चुका) वाढत असेल तर आधी साटाची डेटा केबल बदलून पाहा, पॉवरची नाही.

विंडोज आलं, पण काहीतरी गडबड आहे

सीमॉस रीसेट केल्यामुळे काही प्रश्न उगवतात आणि ते बिघाड वाटतात. घड्याळ मागे गेलं असेल तर ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणेल. वेळ नीट करा. चालू होताना निळा स्क्रीन येऊन ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत असेल तर विंडोज पुन्हा टाकायला धावू नका. बायोसमध्ये साटाचा मोड (डिस्क हाताळायची पद्धत) आधी ‘रेड’ (RAID) किंवा ‘व्हीएमडी’ (VMD) होता आणि आता बदललाय का ते बघा. परत पूर्वीसारखा केला की विंडोज येतं. बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी किल्ली मागितली तर ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. रॅमचा वेग कमी दिसला तर एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) पुन्हा चालू करा, पण सगळं स्थिर झाल्यावर.

पीसी मध्येच धाडकन बंद होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. त्याचा अर्थ फक्त पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढाच: वीज गेली असेल, पीसी गोठला असेल किंवा क्रॅश झाला असेल. कशामुळे, ते त्यात बहुधा नसतं. बंद होणं गेम सुरू केल्यावरच होत असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या केबली. रिकामा बसलेला असतानाही होत असेल तर बोर्डावरही संशय घ्या. ‘व्हीया-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी सोबत असतील तर प्रोसेसर, रॅम किंवा बोर्ड. लोडवर १२ व्होल्टची लाइन किती खाली बसते ते सॉफ्टवेअरवर न बघता मल्टीमीटरने मोजा. सॉफ्टवेअरमधला आकडा बोर्डाच्या सेन्सरवरून येतो आणि तो सेन्सर कितीही थापा मारू शकतो.

जुना एसएमपीएस ई-कचऱ्यात देताना त्याच्या केबलीही त्याच्याच बरोबर द्या. ‘कधीतरी लागतील’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या केबली पुढच्या वेळी कुणीतरी घाईत लावतो.